माध्यमांतर आणि लोकप्रिय गीतकाराची उपजीविका

लोकाभिरुचीवर उपजीविका करणाऱ्या लेखकाचा विचार आपल्या वाङ्मयेतिहासांतून क्वचितच स्वतंत्रपणे होतो. त्याची लोकप्रियता नोंदवली जाते. परंतु अभिरुची पालटली, माध्यम बदलले, म्हणजे तो लेखक कशाच्या आधारावर उभा राहतो, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. मराठी गीतरचनेच्या क्षेत्रात या प्रश्नाचा विचार करण्यास उपयुक्त अशा तीन पिढ्या एकामागून एक आढळतात. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), ग. दि. माडगूळकर (१९१९–१९७७) आणि जगदीश खेबुडकर (१९३२–२०११) या तीन कवींच्या वाटचालीचा येथे थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्ष येथील कुलकर्णी घराण्यातील श्रीधर कृष्णाजी. जातीची मर्यादा ओलांडून ते तमाशात आले आणि पवळेच्या साथीने त्यांच्या फडाने मोठी कीर्ती मिळवली. गण, गवळण, लावणी, वग असे तमाशाचे सर्व रचनाप्रकार त्यांनी हाताळले. मात्र त्यांची सारी प्रतिभा फड या एकाच माध्यमाशी बांधलेली होती. रचना एकदा फडावर गायिली गेली की ती सर्वांची होई. कर्त्याने तिच्यावर हक्क सांगावा अशी सोय त्या व्यवसायात नव्हती. १९३२ साली मराठी बोलपट आला आणि करमणुकीचे केंद्र हळूहळू पडद्याकडे सरकू लागले. बापूरावांची अखेर पुण्यात विपन्नावस्थेत झाली.

त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १९४७ साली, ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाद्वारे लावणी पडद्यावर दिमाखाने अवतरली. त्यातील गीते माडगूळकरांची होती. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटातील लहानशा भूमिकेपासून चित्रसृष्टीत उमेदवारी केलेल्या या माणदेशी कवीच्या कानावर ओवी, अभंग, कीर्तन आणि लावणी यांचे संस्कार बालपणापासून झालेले होते. चित्रपटात अनेकदा चाल आधी ठरते आणि शब्द मागाहून येतात. या पद्धतीत अनेक कवींची कुचंबणा होते. माडगूळकरांना मात्र ती मौखिक परंपरेचीच पुढची पायरी वाटली असावी, इतक्या सहजतेने ते तीत वावरले. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) मधील त्यांचे एक भक्तिगीत पारंपरिक अभंगच समजणारे श्रोते आजही भेटतात. याच लेखणीने ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) साठी लावणीही लिहिली.

माध्यमांतराचे सर्वांत बोलके उदाहरण अर्थातच ‘गीतरामायण’ होय. १९५२ नंतर काही वर्षे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती आणि सुगम संगीताची स्वतःची परंपरा निर्माण करण्याची निकड नभोवाणीस भासत होती. अशा वेळी पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात, सुधीर फडके यांच्या संगीतात, छप्पन्न गीतांची ही मालिका प्रसारित झाली. चित्रपटगीतात प्रसंगानुरूप पात्राच्या मुखी शब्द घालण्याचा जो सराव कवीस झाला होता, तोच येथे रामकथेतील निरनिराळ्या पात्रांच्या मनोगतांसाठी उपयोगी पडला. पुढे हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू आदी भाषांत तिचे अनुवाद झाले. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ची कथा लिहिणारा हाच लेखक १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. तमाशाच्या कवीस जी प्रतिष्ठा नाकारली गेली होती, ती चित्रपटाच्या कवीस मिळाली, हा सामाजिक बदलही ध्यानात घ्यावयास हवा.

खेबुडकरांनी ‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२) पासून चित्रपटगीते लिहिली. ‘पिंजरा’ (१९७२) मधील त्यांच्या गीतांनी लावणीला पुन्हा एकदा नवे श्रोते मिळवून दिले. ते पेशाने शिक्षक होते, ही गोष्ट चरित्रातील केवळ एक तपशील म्हणून सोडून देता येत नाही. चित्रपटव्यवसायाच्या चढउतारांत वेतनाचा आधार असणे कवीस किती आवश्यक होते, हे तीवरून दिसते.

या आवश्यकतेचे मूळ बव्हंशी कायद्यात होते. मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीताचा व संगीताचा पहिला स्वामी, विपरीत करार नसल्यास, निर्माताच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात माडगूळकर निवर्तले. चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या गीताच्या वापरातून गीतकारास स्वामित्वधनाचा समान वाटा मिळावा आणि तो हक्क त्यास सोडून देता येऊ नये, ही तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने आली. खेबुडकर तत्पूर्वी एकच वर्ष, मे २०११ मध्ये दिवंगत झाले होते.

सारांश, परंपरेने घडवलेला कान कवीस एका माध्यमातून दुसऱ्यात नेऊ शकतो, हे माडगूळकरांच्या उदाहरणाने सिद्ध होते. परंतु त्या कौशल्यातून निर्वाह चालेलच अशी शाश्वती त्यात नसते. ती कराराच्या आणि कायद्याच्या हाती असते. अन्य भारतीय भाषांतील लोकप्रिय गीतकारांचा अभ्यास करतानाही त्यांच्या शैलीबरोबर त्यांचे करार, मानधन आणि इतर नोकऱ्या यांची नोंद घेतली गेली, तर या वाङ्मयाच्या इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघेल.