गेम झोनमधले हजार रुपये : पदरात काय पडते?

परीक्षा संपल्या, सुटी लागली की घरोघरी एक मागणी हमखास येते : मॉलमधल्या गेम झोनमध्ये जायचे. आईवडिलांच्या डोळ्यांसमोर लगेच आकडे नाचू लागतात. काउंटरवर कार्ड घ्यायचे, त्यात पैसे भरायचे आणि अर्ध्या तासात मूल धावत येऊन सांगणार, ‘बाबा, बॅलन्स संपला!’ एवढे पैसे सत्कारणी लागले की वाया गेले, हा प्रश्न परतीच्या वाटेवर अनेकांच्या मनात घोळत असतो. त्याचे उत्तर केवळ खिशावर अवलंबून नाही. तिथली यंत्रे आपल्या मेंदूशी कशी वागतात हे समजले, तर त्याच पैशांत बरेच जास्त पदरात पाडून घेता येते.

मिनिटाचा भाव

आधी साधा हिशेब करू. समजा, कार्डात १,००० रुपये भरले आणि एका खेळाला सरासरी १०० रुपये लागतात. म्हणजे दहा खेळ झाले. बरेचसे खेळ दोन-तीन मिनिटांत आटोपतात. म्हणजे प्रत्यक्ष खेळणे वीस ते तीस मिनिटांचे. दोन मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटे. एअर हॉकीवर वेळ बरा मिळतो. खेळणे उचलणारा पंजा मात्र काही सेकंदांत रिकामा परत येतो. म्हणून ‘एका खेळाला किती’ असे न विचारता ‘एका मिनिटाला किती’ असे विचारावे.

हा हिशेब तिथे उभे असताना सहसा होत नाही, कारण पैसे हातातून जाताना दिसत नाहीत. जत्रेत कडी टाकून साबणाची वडी जिंकायची, तेव्हा प्रत्येक वेळी खिशातून नाणे काढावे लागे आणि दर खेपेला मन थोडे कचरे. कार्डाने ही टोचणी घालवली. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले, की बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावताना क्रेडिट कार्डाने पैसे देणारे लोक रोख देणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट रक्कम मोजायला तयार होते. गेम झोनच्या कार्डात पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे ते ‘गेलेलेच’ वाटतात. त्यातून शिल्लक ८० रुपये आणि खेळ १२० रुपयांचा, अशी वेळ आली की आपण पुन्हा रिचार्ज करतो.

‘थोडक्यात हुकले!’

मूल एकाच यंत्रापाशी पुन्हा पुन्हा का जाते? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत याचे उत्तर आहे. ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळाला, तर कबूतर खाऊन जरा थांबते. पण दाणा कितव्या वेळी मिळेल याचा नेम नसला, तर ते न थांबता चोच मारत राहते. पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत पाहिले, की डोपामिन सोडणाऱ्या पेशी अनपेक्षित बक्षिसाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. ठरलेले बक्षीस मिळाले तर त्या फारशा हलत नाहीत.

पंजाच्या यंत्राचा सारा खेळ यावरच चालतो. अशा अनेक यंत्रांत पंजाची पकड कमी-जास्त करण्याची सोय चालकाकडे असते. ठरावीक खेळांनंतर एकदाच पकड घट्ट होईल, अशी मांडणीही करता येते. तेव्हा मुलाच्या हातून टेडी निसटला तर दरवेळी दोष त्याच्या नेमाचा नसतो. आणि तो अगदी कडेपर्यंत येऊन निसटला, तर खेळण्याची इच्छा वाढते. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूच्या स्कॅनमधून दाखवले, की ‘थोडक्यात हुकले’ अशी हार मेंदूतील जिंकण्याशी संबंधित काही भागांनाही चेतवते.

एका सहलीने मूल जुगारी होत नाही, हेही तितकेच खरे. पण यंत्र कसे चालते हे मुलाला तिथेच समजावून सांगितले, तर त्या पैशांत विज्ञानाचा एक धडाही होतो.

तिकिटांचा मोह

काही यंत्रांतून तिकिटे बाहेर पडतात. ती साठवायची आणि शेवटी पेन्सिल, चॉकलेट किंवा प्लॅस्टिकचे खेळणे घ्यायचे. बाजारात वीस रुपयांना मिळणाऱ्या वस्तूसाठी आपण शेकडो रुपये खेळलेलो असतो. पण खरा तोटा वेगळाच आहे.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतील चित्रे काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना ‘चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले. काही दिवसांनी मुलांना मोकळे सोडले, तेव्हा बक्षिसासाठी चित्रे काढलेली मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांकडे वळली. बक्षीस आले आणि गोडी गेली. तिकिटांच्या मागे लागलेले मूलही ‘कोणता खेळ मजेचा’ हे विसरून ‘कुठे तिकिटे जास्त’ एवढेच पाहू लागते.

कान, डोळे आणि दार

खर्चाच्या हिशेबात शरीरही धरायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार मुलांनी आठवड्याला ४० तास ऐकायचा आवाज ७५ डेसिबलपर्यंत असावा. दर तीन डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याभराचा वाटा सव्वा तासातच संपतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तासाभरात तिथून निघावे. लहान मुले असतील तर त्याहून लवकर.

घरात कुणाला फिट येत असतील, तर लुकलुकत्या प्रकाशाबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे. १९९७ मध्ये जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागातील लाल-निळ्या झगमगाटाने सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. ट्रॅम्पोलिनवर एका वेळी एकच मूल असावे. बहुतांश दुखापती अनेकजण एकत्र उड्या मारताना होतात आणि त्यात सर्वांत हलके मूल जास्त जखमी होते. घरी जाऊन जेवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, हे सांगायला नकोच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाहेर पडायचे दार. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनला लागलेल्या आगीत किमान २७ जणांचा जीव गेला. त्यांत लहान मुलेही होती. या जागेला अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते. आत शिरताच बाहेर पडण्याचे दुसरे दार कुठे आहे, ते उघडे आहे की त्यापुढे खोकी रचली आहेत, हे पाहायला एक मिनिट लागते. दार सापडले नाही तर कार्ड न घेता परत फिरावे.

मग जावे का?

जावे, पण काय विकत घ्यायचे ते ठरवून. वस्तूंपेक्षा अनुभवांवर केलेला खर्च माणसांना अधिक समाधान देतो, असे लीफ व्हॅन बोव्हन आणि थॉमस गिलोविच यांच्या २००३ मधील अभ्यासात दिसले. मूल पंजाशी एकटे झगडते आणि पालक बाजूला फोनमध्ये डोके घालून बसतात, तेव्हा एकत्र घालवलेला वेळ पदरात पडतच नाही. म्हणून दोघांनी मिळून खेळायचे खेळ आधी निवडावेत : एअर हॉकी, बास्केटबॉल, मोटारींची शर्यत. नाचाच्या यंत्रावर घामही येतो. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल लागते. तिला तेवढाच हातभार.

रक्कम घरीच ठरवावी आणि मुलालाच हिशेबनीस करावे. दहा वर्षांचे मूल ‘आता चारच खेळ उरले’ हे वहीवर लिहून छान सांभाळते. शक्य असल्यास गर्दीचे रविवार टाळावेत, म्हणजे रांगेतला वेळ वाचतो आणि गोंगाटही कमी असतो. आवडता खेळ शेवटी ठेवावा. डॅनियल काहनेमन यांच्या प्रयोगांनुसार अनुभवाचा शेवट कसा झाला, यावर त्याची आठवण बरीच ठरते. बक्षिसाच्या काउंटरवरची रडारड शेवटी आली, तर आधीची तासाभराची मजा झाकोळते.

आणि महिन्याकाठी एकदाच जायचे असेल, तर उरलेल्या रविवारी बागेतली घसरगुंडी, अंगणातली लगोरी किंवा घरातला कॅरम आहेच. तिथे मिनिटाचा भाव शून्य असतो आणि ‘बाबा, बॅलन्स संपला’ असे कुणी म्हणत नाही.