स्वतःविषयीची कथा आणि कथनोपचार

‘आपण मुळातच भित्रे’ असे माणूस स्वतःविषयी वर्षानुवर्षे मानत राहतो, तेव्हा असंख्य अनुभवांपैकी त्या समजुतीला दुजोरा देणारे तेवढेच त्याच्या ध्यानात राहतात आणि बाकीचे कथेबाहेर गळून पडतात. ऑस्ट्रेलियातील मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधील डेव्हिड एप्स्टन यांनी १९८०च्या दशकात घडवलेला कथनोपचार, म्हणजे स्वतःविषयीच्या कथेची नव्याने मांडणी करणारी समुपदेशनाची पद्धत, याच जाणिवेवर उभा आहे.

या पद्धतीचे प्रमुख साधन बाह्यीकरण, म्हणजे अडचणीला माणसापासून वेगळे काढून स्वतंत्र नाव देणे, हे होय. शौचावर ताबा नसलेल्या एका लहान मुलाच्या बाबतीत व्हाइट यांच्याकडील संवादात त्या त्रासालाच एका लबाड पात्राचे नाव मिळाले. त्यामुळे दोष कोणाचा हा प्रश्न मागे पडला आणि मूल व आईवडील मिळून त्या पात्राला नमवण्याच्या विचाराला लागले. लाजेने खचलेल्या मुलाला याहून मोठा दिलासा क्वचितच देता येईल.

त्यानंतर समुपदेशक त्या पात्राचे काही चालले नाही असे प्रसंग शोधतो, कारण रूढ कथेत न बसणाऱ्या अशा घटनांतूनच पर्यायी कथा आकार घेते. ती टिकावी म्हणून एप्स्टन भेटीनंतर पत्रेही लिहीत. मात्र येथे केवळ सकारात्मक विचारांचा आग्रह नसतो: फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फुको यांच्या सत्ताविचाराचा प्रभाव असलेली ही पद्धत, आपल्याला कमी लेखणारी कथा प्रथम कोणी सांगितली आणि तिचा लाभ कोणाला होतो, हेही आवर्जून विचारते.