मेणबत्तीचे भावंड : पॉलिथिन

वेदीवर जळणारी पॅराफिन मेणाची मेणबत्ती आणि विहिरीवर नेण्याची प्लॅस्टिकची घागर ही एकाच कुळातील भावंडे आहेत, असे कोणी सांगितले तर ते चटकन खरे वाटणार नाही. परंतु रसायनशास्त्राचे म्हणणे तेच आहे. मेणाचा रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंची एक साखळी असून प्रत्येक अणूला हायड्रोजनचे अणू जोडलेले असतात. मेणबत्तीच्या मेणात या साखळीची लांबी बहुधा वीस ते चाळीस कार्बन अणूंची असते. तीच साखळी हजारो अणूंपर्यंत वाढविली की मऊ, ठिसूळ मेणाच्या जागी चिवट पॉलिथिन मिळते.

या साखळीचा एकेक दुवा म्हणजे एथिलीन हा वायू होय. आढीत घातलेले आंबे एकमेकांच्या संगतीने पिकतात, ते फळांतून निघणाऱ्या याच वायूमुळे. कारखान्यात मात्र तो खनिज तेलापासून किंवा नैसर्गिक वायूपासून काढतात. एथिलीनच्या रेणूत कार्बनचे दोन अणू दुहेरी बंधाने बांधलेले असतात. त्यांतील एक बंध सुटला की मोकळ्या झालेल्या हातांनी हा रेणू शेजारच्या रेणूंचे हात धरतो. अशा रीतीने एकाच प्रकारचे असंख्य रेणू जोडून जो पदार्थ होतो, त्यास बहुवारिक म्हणतात.

या पदार्थाचा शोध योगायोगानेच लागला. १९३३ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमधील विनिंग्टन येथे, आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत, रेजिनल्ड गिब्सन व एरिक फॉसेट हे संशोधक एथिलीन आणि बेंझाल्डिहाइड यांवर प्रचंड दाब देऊन सुमारे १७० अंश सेल्सियस तापमानाला प्रयोग करीत होते. अपेक्षित ते घडले नाही. पात्रात पांढरा, मेणासारखा पदार्थ मात्र चिकटलेला आढळला. क्रिया सुरू होण्यास प्राणवायूचा लेशमात्र अंश लागतो, हे पुढे १९३५ मधील प्रयोगांनंतर उमगले. १९३९ साली कारखान्यातून उत्पादन सुरू झाले. पॉलिथिनमधून वीज वाहत नसल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात रडार यंत्रांच्या तारांना त्याचे वेष्टन देण्यात आले.

त्या पॉलिथिनच्या साखळ्यांना फांद्या फुटलेल्या असत. फांद्यांसकट तोडलेल्या लाकडांची मोळी घट्ट बांधता येत नाही, तसे त्या साखळ्यांचे होई. म्हणून पदार्थ मऊ राही. १९५३ साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल त्सीग्लर यांनी योग्य उत्प्रेरक वापरून अल्प दाबाखाली सरळ साखळ्या तयार केल्या. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बसते, त्याप्रमाणे हे पॉलिथिन कठीण झाले. दुधाची पिशवी पहिल्या जातीच्या घराण्यातली, तर घागर, बादली व तेलाचा डबा बहुधा दुसऱ्या जातीचे. त्सीग्लर यांना १९६३ साली इटलीच्या जूलिओ नात्ता यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात वडोदरा येथे १९६९ साली इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन स्थापन झाले व तेथे पॉलिथिनही तयार होऊ लागले. ती कंपनी २००७ साली रिलायन्समध्ये विलीन झाली.

पॉलिथिन पाण्याने भिजत नाही, गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. म्हणूनच शेततळ्याचे अस्तर, ठिबक सिंचनाची नळी आणि घरावरची पाण्याची टाकी ही त्याची करतात. सूर्यप्रकाशाने मात्र त्याच्या साखळ्या तुटतात व ते तडकते. हे टाळण्यासाठी त्यात काजळी मिसळतात. शेतातील नळ्या काळ्या दिसतात त्या यामुळे.

परंतु वाचकहो, जो गुण तोच येथे दोष ठरतो. मातीतील जीवाणूंना ही लांब साखळी सहजासहजी तोडता येत नाही. भाजीची साले पिशवीत बांधून उकिरड्यावर टाकली, तर गाय सालांबरोबर पिशवीही गिळते. ती पचत नाही. पोटात साठून राहते आणि अखेर जनावराच्या जिवावर बेतते. चूल पेटविण्यासाठी प्लॅस्टिक वापरण्याची सवयही घातक आहे. त्याचा धूर घरातल्यांच्या छातीत जातो; त्यात पीव्हीसीचा तुकडा असेल तर झोंबणारी आम्लाची वाफही निघते. १२० मायक्रॉनहून पातळ अशा प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांना ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे. तथापि नियमापेक्षा घरातील वळण अधिक काम करते.

यातून बोध एवढाच की, जी वस्तू वर्षानुवर्षे टिकावी असे वाटते, ती पॉलिथिनची खुशाल असावी. घटकाभराच्या कामासाठी कापडी पिशवी, पत्रावळ किंवा केळीचे पान पुरेसे आहे. घरात आलेली दुधाची पिशवी धुऊन, वाळवून भंगारवाल्याकडे द्यावी. ती वितळवून पुन्हा उपयोगात आणता येते. साले मात्र गुरांसमोर टाकताना मोकळीच टाकावीत.