विश्लेषण : सभागृहाचे कलादालन होते तेव्हा...

मुंबईत रीगल सिनेमाजवळच्या ‘एनजीएमए’त शिरल्यावर जिने आणि अर्धवर्तुळाकार दालने दिसतात. कारण ही इमारत मुळात चित्रांसाठी नव्हतीच. १९११ चे हे कावसजी जहांगीर सभागृह. बाहेरचा वारसा जपून वास्तुरचनाकार रोमी खोसला यांनी आत एकावर एक दालने रचली आणि १९९६ मध्ये ते खुले झाले. चित्रांची सोय झाली (अर्थात, वक्र भिंतीवर मोठा कॅनव्हास सपाट टेकत नाही). पण दोन-तीन मजली मांडणशिल्पाचे काय? लंडनच्या टेट मॉडर्नने २००० मध्ये जुन्या वीजकेंद्राचे टर्बाइन सभागृह मजले न घालता रिकामेच ठेवले. सुमारे ३५ मीटर उंचीच्या त्या पोकळीत २००३ साली ओलाफर एलियासन यांचा कृत्रिम सूर्य उगवला. मुंबईत मजले आधीच घातले गेले आहेत.