मिटवलेले आणि फिटलेले

सन २०१२ चा दुष्काळ ज्यांनी जालना जिल्ह्यात काढला, त्यांना मोसंबीच्या बागांचे काय झाले ते सांगायला नको. बाग जगवण्यासाठी मी पगारावर कर्ज काढून टँकरचे पाणी घातले. बाग गेलीच, हप्तेही थकले. पुढे बँकेशी तडजोड झाली. ठरली ती रक्कम भरून मी सुटलो, असे मला वाटले!

२०१९ साली घरासाठी कर्ज मागायला गेलो, तेव्हा साहेबांनी सिबिलचा अहवाल पुढे सरकवला. ३०० ते ९०० च्या मापात मी सहाशेच्याही खाली, आणि त्या जुन्या खात्यापुढे शब्द होता ‘सेटल्ड’. म्हणजे मिटवलेले, फिटलेले नव्हे. मराठीच्या प्राध्यापकाला हा फरक बँकेत शिकावा लागला!

“अहो, सोडलेले पैसे भरून टाका ना,” सौभाग्यवती म्हणाली. अडीच वर्षे लागली. मग बाकी नसल्याचा दाखला घेतला, नोंद ‘क्लोज्ड’ करवून घेतली. गुण मात्र मुंगीच्या पावलांनी चढतात. २०१७ पासून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मी निकालासारखा धडधडत्या छातीने पाहतो.

यंदा ७३२ निघाले. “बाबा, आता घर?” मुलीने विचारले. अर्ज भरून ठेवला आहे.