मृतदेह नाही, म्हणून खून नाही?

मृतदेह सापडला नाही तर खुनाचा खटला टिकत नाही, असा समज बीडपासून मुंबईपर्यंत सगळीकडे आहे. तो चुकीचा आहे. प्रेत मिळालेच पाहिजे असा हट्ट धरला, तर ते नाहीसे करणारा हमखास सुटेल, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच रामानंद खटल्यात ओळखले होते.

अडचण मात्र खरी आहे. प्रेत नाही म्हणजे शवविच्छेदन नाही. मृत्यूचे कारण, वेळ, हत्यार, काहीच हाती लागत नाही. बचाव पक्षाचा पहिला सवाल ठरलेला: माणूस मेलाच कशावरून?

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. वसईच्या खाडीत टाकलेला त्यांचा देह कधीच मिळाला नाही. मोबाइलची ठिकाणे जुळवावी लागली. त्यांच्या फोनवरून नंतर गेलेल्या संदेशात ‘यू’ हा इंग्रजी शब्द लिहिण्याची ढबही वेगळी होती. ती पोलीस अधिकारी अभय कुरुंदकरच्या सवयीशी जुळली. एवढ्याशा अक्षराचे केवढे मोल! तरी कुरुंदकरच्या अटकेला डिसेंबर २०१७ उजाडला. बिद्रे यांच्या घरच्यांनी पिच्छा सोडला नाही.

२१ एप्रिल २०२५ रोजी पनवेल सत्र न्यायालयाने कुरुंदकरला जन्मठेप सुनावली.