एक्केचाळिसावं मूल

1991 च्या इस्रायलमधल्या एखाद्या शाळेत पाचवीच्या पटावर 40 मुलं आहेत. तिथे आणखी एका मुलाचं नाव दाखल होतं आणि पट 41 होतो. नियमाप्रमाणे आता एका तुकडीच्या दोन तुकड्या करायच्या. एकीत 20 मुलं, दुसरीत 21. एक मूल आलं काय, आणि बाकीच्या चाळीस जणांची वर्गातली गर्दी निम्म्यावर आली!

या चाळिसाच्या मर्यादेचं मूळ बाराव्या शतकात सापडतं. मायमोनिडीज हा ज्यू धर्मशास्त्रज्ञ आणि वैद्य 1204 मध्ये इजिप्तमध्ये वारला. तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या आधाराने त्याने लिहून ठेवलं होतं, की एका शिक्षकाकडे 25 मुलं असावीत, त्यापुढे 40 पर्यंत मदतनीस द्यावा आणि 40 च्या वर दोन शिक्षक नेमावेत.

लहान तुकडीत मुलं जास्त शिकतात का, हा प्रश्न दिसतो सोपा, पण आहे फार अवघड. इस्रायलमध्ये मोठे वर्ग बहुधा सुस्थितीतल्या शहरी वस्त्यांत होते आणि तिथल्या मुलांना गुणही जास्त पडत. नुसते आकडे पाहिले, तर गर्दीच फायद्याची वाटावी! एमआयटीचे जोशुआ अँग्रिस्ट आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे व्हिक्टर लावी यांना यातून वाट काढून दिली ती त्या जुन्या नियमाने. पट 40 असलेली शाळा आणि 41 असलेली शाळा यांत श्रीमंती-गरिबीचा असा काय फरक असणार? तुकड्यांचा आकार मात्र एकदम वेगळा. पट 80 झाला की तुकडीत पुन्हा चाळीस, 81 झाला की तीन तुकड्या आणि प्रत्येकीत 27. कुणीही न आखलेला प्रयोग देशभर आपोआप चालू होता. 1991 च्या चाचण्यांचे गुण घेऊन त्यांनी 1999 मध्ये निष्कर्ष छापला: लहान तुकड्यांतल्या पाचवीच्या मुलांना वाचनात आणि गणितात जास्त गुण मिळाले होते. हा शोधनिबंध जगभर अभ्यासला गेला. 2021 च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये अँग्रिस्ट यांचा वाटा होता, तो अशाच नैसर्गिक प्रयोगांतून कार्यकारण शोधण्याच्या पद्धतीसाठी.

खरं नवल पुढे आहे. याच दोघांनी दोन तरुण सहकाऱ्यांना घेऊन 2002 ते 2011 ची माहिती नव्याने तपासली आणि 2019 मध्ये सांगून टाकलं, की या नव्या माहितीत लहान तुकडीचा फायदा दिसत नाही. शिवाय 40 च्या किंचित वर पट असलेल्या शाळा संशय यावा इतक्या जास्त निघाल्या. तुकड्या वाढल्या की निधी वाढतो, म्हणून पट रेषेपलीकडे सरकवला जात होता. मग त्यांनी जन्मतारखांवरून पट मोजला. सरकवासरकवीची खूण पुसली गेली, तरी फायदा काही दिसला नाही.

ही गोष्ट आपल्या शिक्षकांना ओळखीची वाटेल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, 61 झाली की तीन. संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्याच्या वेळी एका मुलावरून शिक्षक अतिरिक्त ठरतो. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रभर पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरची कितीतरी मुलं वर्गात सापडली नव्हती.

म्हणजे आपल्याकडेही अशा पायऱ्या आहेत आणि त्यांवर मुलांची आयुष्यं उभी आहेत. आपल्या विद्यापीठांनी पटाचे आणि मुलांच्या प्रगतीचे आकडे शेजारी मांडून हा प्रश्न विचारायला हवा, आणि शासनाने ते आकडे त्यांच्यासाठी खुले करायला हवेत. वीस वर्षांनी स्वतःचाच निष्कर्ष पुन्हा तपासायला काढणारं संशोधन धोरणाला जितकं उपयोगी पडतं, तितकी कुठलीही ठाम घोषणा पडत नाही.